फवारणीची विषबाधा आणि मज्जातंतूंचे वेळापत्रक

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जण दगावले. अनेक रुग्णांवर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार झाले. त्या हंगामात वापरल्या गेलेल्या कीटकनाशकांत इतर रसायनांबरोबरच मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधेही होती. या गटाचा घाला शरीरात नेमका कोठे पडतो, हे समजण्यासाठी मज्जातंतूंतील संदेशांचा प्रवास पाहावा लागतो.

संवेदी तंतू त्वचेकडून मेंदूकडे वार्ता नेतात, तर प्रेरक तंतू मेंदू व मज्जारज्जूकडून स्नायूंना आज्ञा पोहोचवतात. निरोगी माणसाच्या हातातील जाड तंतूंत दोन्ही संदेश सेकंदाला साधारण ५० ते ७० मीटर वेगाने धावतात. रेंगाळणाऱ्या वेदनेची वार्ता नेणारे बारीक तंतू मात्र सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर अंतर कापतात. म्हणूनच ठेच लागल्यावर स्पर्श आधी कळतो आणि ठणका मागाहून येतो.

प्रेरक संदेशाला शेवटी आणखी एक टप्पा ओलांडावा लागतो. तंतू आणि स्नायू यांच्यातील सूक्ष्म फट ॲसिटिलकोलीन हे रसायन पार करते व त्यात सुमारे एक मिलिसेकंद जातो. त्यामुळे नर्व्ह कंडक्शन चाचणीत संवेदी तंतूचा वेग एकाच ठिकाणी विद्युतस्पर्श देऊन काढता येतो. प्रेरक तंतूला मात्र दोन ठिकाणी स्पर्श देऊन वेळेची वजाबाकी करावी लागते.

ऑर्गॅनोफॉस्फेटचा आघात याच फटीवर होतो. काम संपलेले ॲसिटिलकोलीन नष्ट करणारे विकर ते निकामी करते. रसायन साचते, स्नायू आधी फडफडतात व नंतर लुळे पडतात. एका विद्युतस्पर्शाला स्नायूने पुन्हा पुन्हा प्रतिसाद देणे, ही चाचणीतील एक ओळखीची खूण होय.

खरा धोका पुढे आहे. लाळ, घाम, उलट्या थांबल्या, रुग्ण सावरला असे वाटत असतानाच, साधारण एक ते चार दिवसांत मान, खांदे व श्वसनाचे स्नायू दुबळे होऊ शकतात. रुग्णाला स्पर्श कळतो, बोललेले समजते; पण उशीवरून डोके उचलत नाही. ॲट्रोपिन स्राव आटोक्यात आणते, स्नायूंची ही दुर्बलता मात्र दूर करीत नाही. अशा वेळी कृत्रिम श्वसनयंत्राचाच आधार लागतो. काही औषधांच्या बाबतीत दोन-तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या येऊन पावले लुळी पडल्याचेही आढळते.

म्हणूनच विषबाधा झालेल्याला ‘आता बरे वाटते’ म्हणून घाईने घरी नेऊ नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी आणि मान उचलता येते का, श्वास लागतो का, यावर पहिले चार दिवस बारीक लक्ष ठेवावे.