बोलारमचा आरा आणि विमान कंपनीच्या भिंती

एअर इंडियाच्या गाजलेल्या चित्रसंग्रहातले एक नाव आपल्या शहराचे आहे. कृष्णाजी हौलाजी आरा यांचा जन्म १९१४ सालचा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. आई लहानपणीच गेली. वडील मोटार चालवत. घरात सावत्र आई आली आणि हा पोरगा पळून मुंबईला गेला. तिथे मोटारी पुसल्या, साहेबांच्या घरी नोकर म्हणून राबला, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेला. मिळेल त्या वेळात चित्रे काढी. ती रूडी फॉन लायडन या कलासमीक्षकाच्या नजरेस पडली. १९४२ मध्ये पहिले प्रदर्शन झाले. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांच्याबरोबर ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ निघाला, त्यात आराही होते.

त्या काळी अशी चित्रे विकत घेणारे फार थोडे. १९५३ मध्ये सरकारी झालेल्या एअर इंडियाने मात्र १९५६ च्या सुमारास ती घेऊन आपल्या कार्यालयांत लावायला सुरुवात केली. पहिली सहा चित्रे बी. प्रभांची, म्हणजे नागपूरकडच्या मराठी चित्रकर्तीची. किंमत प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपये! पुढे गायतोंडे, हुसेन, आरा असे करत संग्रह वाढला. तिकीट काढायला आलेला माणूस रांगेत उभा राहून आधुनिक चित्रकला पाहत असे. मी सरकारी नोकरीत आहे. आमच्याकडे भिंतीवर कॅलेंडर असते, आणि तेही बँकेने दिलेले. म्हणून मला याचे विशेष अप्रूप.

सर्वांत विक्षिप्त वस्तू १९६७ ची. स्पेनचे चित्रकार साल्वादोर दाली यांनी कंपनीसाठी चिनीमातीची राखदाणी घडवली. शिंपल्याच्या आकाराच्या वाटीभोवती साप, खाली हंस आणि हत्तीचे मस्तक. उलटे धरले की हंसाचा हत्ती होतो, हत्तीचा हंस. पहिल्या वर्गाच्या निवडक प्रवाशांना ती भेट मिळे. मानधन म्हणून दालींनी पैसे नव्हे, हत्तीचे पिल्लू मागितले. कंपनीने ते विमानाने जिनिव्हाला नेले आणि तिथून ट्रकने दालींच्या गावी पोहोचवले. आजच्या लेखापरीक्षकासमोर ही फाईल गेली असती तर काय झाले असते, असा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

आरा १९८५ मध्ये मुंबईत वारले. २०२२ मध्ये विमान कंपनी पुन्हा टाटांकडे गेली. चित्रे त्या विक्रीत नव्हती. ती सरकारकडे राहिली आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्याचे ठरले. या संग्रहालयाची मुंबईतली शाखा काळा घोड्याजवळ, सर कावसजी जहांगीर सभागृहात आहे. आपल्यातले कितीतरी जण सुटीत मुंबईला जातात. तिथे डोकावून आरांचे काही लागले आहे का, एवढे विचारून यावे. बोलारमहून आलो, हे जरूर सांगावे.