ओलीच्या हिशेबावरचा गहू

दख्खनच्या काळ्या रानात आणि नर्मदेच्या खोऱ्यात पूर्वी बराचसा गहू पिकत असे तो पाटाच्या पाण्यावर नव्हे, तर पावसाळ्यात जमिनीने साठवलेल्या ओलीवर. या शेतीला निव्वळ दैवाधीन म्हणण्याची रीत आहे. तिच्या पद्धती मात्र वेगळेच सांगतात. जबलपूर-नरसिंहपूरकडच्या ‘हवेली’ पद्धतीत शेताला बांध घालून पावसाचे पाणी कोंडत, पेरणीच्या तोंडावर ते सोडून देत आणि वाफसा येताच पेरत. देशावर रान वखरून ठेवत आणि पाभरीने बी खालच्या ओलीत सोडत. यामागचा हिशेब मुळांचा होता. गव्हाची पहिली मुळे बियातून फुटून खोल जातात. नंतरची मुकुटमुळे वरच्या थरात फुटतात आणि तो थर सुकला की खुंटतात. मग पीक तगते ते खोल गेलेल्या मुळांवर.

आक्षेप असा, की हे एवढे शहाणपणाचे होते तर १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे का आणावे लागले? कोरडवाहू गव्हाचा उतारा कमी होता, हे मान्यच. पण ते बुटके वाण पाण्याची आणि खताची हमी धरून निवडलेले होते. त्यांचा कोंब आखूड, म्हणून पेरणी उथळ. आणि मुकुटमुळे फुटताना, सुमारे २१ दिवसांनी, पहिले पाणी अत्यावश्यक. म्हणजे मुळांची गरज तीच राहिली, ओल पुरवण्याची जागा तेवढी बदलली. जिथे कालवा पोहोचत नाही, तिथे जुना हिशेब म्हणूनच कालबाह्य ठरत नाही.