विहिरीवरचे इंजिन आणि विमानाचे इंजिन

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी त्यांच्या यंत्रांचा इतिहास एकत्रच वाचावा लागतो. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी साताऱ्याचे तालुके आणि भोवतालची छोटी संस्थाने यांचा हा एकच गुंतलेला मुलूख होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. पुढे सातारा रोड स्टेशनजवळ धनजीशा कूपर यांचा कारखाना आला आणि तेथे शेतीच्या अवजारांबरोबर विहिरीवरची इंजिनेही बनू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे आता साताऱ्यातही थोड्यांनाच आठवते.

कूपर यांचा कारखाना नंतर वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहात गेला. वालचंदांनीच डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी स्थापन केली, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली, आणि सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. विमान, मोटार आणि विहिरीवरचे इंजिन अशी तीन यंत्रे एकाच घराण्याच्या व्यवहारात आली खरी. परंतु विमानांचा कारखाना १९४२ मध्ये सरकारकडे गेला आणि मोटारींची कंपनी त्यानंतर दोन वर्षांनी निघाली, त्यामुळे एकाचे इंजिन दुसऱ्यात बसवून पाहण्याचा मोह व्हावा इतकी ती कधी शेजारी आलीच नाहीत.

इंग्लंडमध्ये मात्र हा मोह अनेकांना झाला. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची इंजिने विक्रीला आली, तेव्हा काउंट झ्बोरोव्स्की या धनिकाने १९२१ मध्ये मर्सिडीजच्या सांगाड्यावर २३ लिटरचे मायबाख इंजिन चढवले. लिटर म्हणजे इंजिनाच्या सर्व सिलिंडरांत दट्ट्या ज्या जागेतून फिरतो तिचे माप. तुलनेसाठी सांगायचे, तर पुढच्या काळातील प्रीमियर पद्मिनीचे इंजिन जेमतेम १.१ लिटरचे होते. झ्बोरोव्स्कीची गाडी अवाढव्य होती, म्हणून तिला ते भूषण शोभले. खरी गंमत त्याच्या उलट टोकाला, म्हणजे १९५७ च्या लोटस सेव्हनसारख्या चिमुकल्या ‘किट कार’मध्ये आहे. किट कार म्हणजे सुट्या भागांच्या रूपात मिळणारी आणि मालकाने घरी जोडायची गाडी. तयार गाडीवर इंग्लंडमध्ये विक्रीकर होता आणि सुट्या भागांवर नव्हता, एवढ्या हिशेबावर ती लोकप्रिय झाली.

अशा गाडीत टायगर मॉथ या प्रशिक्षण विमानाचे जिप्सी मेजर हे सुमारे ६.१ लिटरचे इंजिन बसवायचे ठरवले, तर १३० अश्वशक्ती हाती येते आणि वजनही, सुमारे १४० किलो, कसेबसे पेलते. अडचण अशी की हे इंजिन शीर्षासनात असते: सिलिंडर खाली आणि मुख्य दांडा वर, म्हणजे वैमानिकाला पुढचे नीट दिसावे आणि पंखा जमिनीपासून उंच राहावा. गाडीत ते तसेच ठेवले, तर गिअरपेटी चालकाच्या छातीसमोर येईल. सरळ केले, तर तेलाची सगळी वाट नव्याने आखावी लागेल.

त्याहून जुने, पहिल्या महायुद्धातील नोम इंजिन निवडणे ही तर शुद्ध आपत्ती ठरावी. त्यात दांडा स्थिर असतो आणि सिलिंडरच त्याच्याभोवती गरगरतात. भोवऱ्याप्रमाणे फिरणारे हे जड चक्र वळणावर गाडीचे नाक वर किंवा खाली रेटते, तेव्हा पसरणी घाटात वाईहून पाचगणीला जाताना गाडी एका वळणावर मान उंचावेल आणि पुढच्या वळणावर मान खाली घालेल. या इंजिनाचा वेग बेताने कमी करता येत नसे, म्हणून वैमानिक ठिणगीच क्षणभर तोडत. पोवई नाक्यावर हा उपाय किती वेळा करावा लागेल, याची कल्पना सातारकरांना सहज येईल. वंगण म्हणून त्याला एरंडेल लागे आणि ते बरेचसे न जळताच वाऱ्याबरोबर मागे उडे. एरंडेलाचा या भागातील जुना घरगुती उपयोग पाहता चालकाच्या पोटाविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही.

मात्र एका कामाचे इंजिन दुसऱ्याच गाडीला जोडण्याची खटपट या मुलखाला अनोळखी नाही. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे ६० हजार रुपयांत छोटी चारचाकी बनवली, आणि ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होत असे. २०२२ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. ही किक येथे विशेष महत्त्वाची आहे. विमानाचे जुने इंजिन पंखा हाताने फिरवून सुरू करत, आणि गाडीत पंखाच नाही. तेव्हा उरतो तो विहिरीवरच्या इंजिनाचा मार्ग, म्हणजे हँडल. ते उलटे फिरले की मनगट मोडते, हे जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक असल्यामुळे ते हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवत, आणि सहा लिटरच्या इंजिनापुढे उभे राहणाऱ्यालाही अंगठा तसाच ठेवावा लागेल.