बडोद्याची सेव-उसळ

राजघराण्यांचा इतिहास बखरींत आणि दप्तरांत सापडतो. रसनेचा इतिहास शोधावयाचा तर रस्त्यावरच्या मागणीकडे कान द्यावा लागतो. बडोद्यात सेव-उसळीच्या कोणत्याही गाडीपाशी क्षणभर उभे राहावे. गिऱ्हाईक दर विचारीत नाही, यादी मागत नाही. ‘एक सेव-उसळ, तरी वधारे’ एवढे गुजरातीत सांगून ते बाकावर बसते. या चार शब्दांपैकी ‘उसळ’ आणि ‘तरी’ हे दोन मराठी आहेत, हे त्याच्या गावीही नसते.

१७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदे घेतले, तेव्हापासून आपली घराणी येथे स्थिरावत गेली. सरदार, कारकून, भिक्षुक, शिलेदार असे सारे आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची चूलही आली. पण चूल घरातच राहिली. बाहेरचे अन्न खाणे हे जुन्या घरांत शिष्टसंमत नव्हते. परगावच्या एकट्या नोकरदाराने खाणावळीत जेवणे क्षम्य, इतकेच. सयाजीराव महाराजांनी (राज्यारोहण १८७५) राज्यकारभारात गुजरातीला मान दिला, तो योग्यच होता. त्यामुळे मराठी ही वाड्याची आणि माजघराची भाषा राहिली, बाजाराची झाली नाही. म्हणूनच माजघरातील एक शब्द थेट बाजारात जाऊन बसावा, याचे आम्हांस विशेष वाटते.

ही सेव-उसळ म्हणजे मिसळीचेच बिघडलेले रूप, असे पुण्या-कोल्हापूरकडचे पाहुणे हसून म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. मिसळीत बहुधा मोड आलेली मटकी. येथे वाळलेले वाटाणे. मटकीला भिजवून, उपसून, बांधून मोड आणावे लागतात, त्यात दीड-दोन दिवस जातात. वाटाणे रात्री भिजत घातले की सकाळी शिजतात, वर्षभर साठवता येतात आणि स्वस्तही पडतात. गाडीवाल्याने वाटाण्याकडे वळावे, हे आमच्या मते चवीपेक्षा हिशोबाचे काम आहे. फरसाणाचे मिश्रणही येथे नाही. बेसनाची सेव, चिरलेला कांदा किंवा पातीचा कांदा, आणि वर तरी. ही तरी कोल्हापुरी कटापेक्षा पातळ, पण झणझणीत. वाटी रिकामी होण्याआधी ती पुन्हा वाढून घेण्याची रीत आहे. कीर्तिस्तंभाजवळच्या ‘महाकाली’चे नाव तर गावाबाहेरही गेले आहे, आणि नवरात्रात गरबा आटोपल्यावर मध्यरात्री उसळीच्या दुकानांपुढे जी गर्दी लोटते, तिच्यात मराठी कोण आणि गुजराती कोण हे ओळखणे कठीण.

आमच्या मंडळींत कधी कधी ‘हा पदार्थ आपलाच’ असा अभिमान उसळतो. (शब्दावर कोटी करण्याचा हेतू नाही.) पण सगळी वाटी आपली म्हणता येणार नाही. सेव गुजरात-माळव्याची, पाव पोर्तुगीजांबरोबर आला, आणि ज्या मिरचीवर तरीचा सारा डौल, तीही त्यांच्याच गलबतांतून या किनाऱ्यावर उतरली. इंदूरच्या पोह्यांची हकीकत अशीच. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. तेथे आज पोहे वाफेवर गरम ठेवतात, वर शेव आणि जिरावण घालतात आणि सोबत जिलबी देतात. आमच्या आजीने ते कांदेपोहे म्हणून ओळखले असते की नाही, शंकाच आहे.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. वाड्याचा आश्रय संपला, खासगीतील नोकऱ्या गेल्या. घराणी सरकारी कचेऱ्यांत, बँकांत पांगली. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले आणि परगावचे विद्यार्थी आले, ज्यांना थोड्या पैशांत पोटभर आणि तिखट काही हवे असे. ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅक्डोनाल्ड्स दिल्ली-मुंबईत अवतरले आणि पुढे आमच्याही शहरात आले. आमची नातवंडे तेथे जातात, आणि उसळीच्या गाडीवरही जातात.

आज त्यांची मागणी गुजरातीत असते, आणि खरे सांगायचे तर आमचीही. घरातले मराठी दर पिढीस थोडे थोडे उणे होत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. घरी मात्र तोच पदार्थ शिजला की त्याला नुसते ‘वाटाण्याची उसळ’ म्हणतात, तीत गूळ आणि ओले खोबरे पडते, आणि सेव कोणी मागितलीच तर ती कोपऱ्यावरून आणावी लागते.