तुटलेलें बोलणें आणि त्याचें माप



गडहिंग्लज हें कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील, हिरण्यकेशीच्या कांठचें, तालुक्याचें गांव. येथून थोड्याच अंतरावर संकेश्वर लागतें, आणि संकेश्वर म्हणजे कर्नाटक. गेल्या शतकांत या तालुक्यांतील आणि शेजारच्या आजरा-चंदगड भागांतील किती तरी माणसें मुंबईच्या गिरण्यांत कामास गेलीं. पुढें कोणी पुण्यास गेले, कोणी लष्करांत गेले. त्यामुळें दूरच्या माणसाशीं बोलणें ही येथील घरांना चैनीची गोष्ट नसून नित्याच्या गरजेची आहे. अशा गांवांत हल्लीं एक प्रश्न वारंवार कानांवर येतो : कोणत्या कंपनीची रेंज चांगली ? कोणाचा फोन मध्येंच तुटत नाहीं ? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें खरें उत्तर पुष्कळ वर्षें कोणत्याच सरकारी कोष्टकांत सांपडत नव्हतें. तें कां, हें थोडें इतिहासाच्या वाटेनें पाहूं.

टेलिफोनच्या पहिल्या युगांत तक्रार निराळी होती. २८ जानेवारी १८८२ रोजीं कलकत्त्यास टेलिफोनचें केंद्र उघडलें, तेव्हां त्याचे ग्राहक अवघे ९३ होते. पुढें शहराशहरांना जोडणाऱ्या तारा आल्या आणि ट्रंक कॉलचा काळ सुरू झाला. कॉल नोंदवावा, तासन् तास वाट पाहावी, घाई असल्यास जादा पैसे भरून ‘अर्जंट’ किंवा ‘लायटनिंग’ म्हणावें, आणि अखेर तीन मिनिटें बोलावें, असा तो क्रम असे. त्या काळचें मुख्य दुःख फोन न लागण्याचें होतें. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील ए. के. एरलांग या गणितज्ञानें १९०९ सालीं याच दुःखास गणिताचें रूप दिलें. अमुक तारा असल्या तर किती लोकांना खोळंबावें लागेल, हें मोजण्याचा पाया त्यानें घातला. मात्र तेव्हांचा टेलिफोन भिंतीशीं बांधलेला होता. माणूस चालत गेला म्हणजे बोलणें तुटेल कीं टिकेल, हा प्रश्नच त्या वेळीं नव्हता.

तो प्रश्न निर्माण झाला एका नव्या कल्पनेनें. डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डी. एच. रिंग यांनीं एक टिपण लिहिलें. प्रदेशाचे लहान लहान घरटे पाडावेत, प्रत्येक घरट्यास आपलें केंद्र असावें, आणि त्याच त्या लहरी दूरच्या घरट्यांत पुन्हां वापराव्यात, असा त्यांतील मथितार्थ. मोबाइलची सारी इमारत या पायावर उभी आहे, आणि तिची दुबळी बाजूहि येथेंच आहे. मोटारींत बसून आपण बोलत जातों, तेव्हां एक टॉवर आपलें बोलणें दुसऱ्याच्या हवालीं करीत असतो. पुढच्या टॉवरवर जागा नसेल, मध्यें डोंगर आडवा आला असेल, लहरींची सरमिसळ झाली असेल, अथवा पुढें टॉवरच नसेल, तर हवालीं करणारा हात रिता राहतो आणि वाक्य अर्ध्यावर तुटतें.

भारतांत पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजीं झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. परवाने देतांना सरकारनें देशाचीं ‘सर्कलें’ पाडलीं. महाराष्ट्राच्या सर्कलांत गोवा आला. मुंबई मात्र निराळी ठेवली गेली. या सर्कलांतील पहिले दोन परवाने बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी यांना मिळाले. २००२ सालीं बीएसएनएलची मोबाइल सेवा आली, १ मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला, आणि मोबाइल सामान्य घरांत शिरला. आज या सर्कलांत जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएल असे चौघे उरले आहेत. ही वांटणी गडहिंग्लजकरांस अधिक जाणवली. ऊंस, बाजार आणि सोयरीक यांना राज्याची सीमा अडवीत नाहीं. पण संकेश्वर दुसऱ्या सर्कलांत असल्यामुळें, शेजारच्या बाजारांत गेलेल्या माणसालाहि पूर्वी रोमिंगचे जादा पैसे मोजावे लागत.

आतां मापाकडे वळूं. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, १९९७ सालीं स्थापन झालें. त्याच्या २००९ च्या नियमांनीं असें ठरविलें कीं, तुटणाऱ्या कॉलांचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक असूं नये. पण हें प्रमाण मोजावयाचें तें सबंध सर्कलाच्या सरासरीनें ! या सरासरीचा अर्थ एका काल्पनिक हिशेबानें ध्यानांत येईल. समजा, एका कंपनीचे १०० टॉवर आहेत आणि प्रत्येकावर सारखेच कॉल होतात. ९० टॉवरांवर शेंकडा १ कॉल तुटतो आणि उरलेल्या १० टॉवरांवर शेंकडा १० तुटतात. सरासरी येते १.९. कंपनी परीक्षेंत उत्तीर्ण ! त्या दहा टॉवरांखालच्या गांवांत दर दहांतलें एक बोलणें तुटतें, ही गोष्ट त्या आंकड्यांत कोठेंच दिसत नाहीं.

२०१५ च्या ऑक्टोबरांत ट्रायनें निराळा मार्ग धरला. १ जानेवारी २०१६ पासून तुटलेल्या प्रत्येक कॉलामागें ग्राहकास १ रुपया द्यावा, दिवसांतून जास्तींत जास्त तीन कॉलांपुरता, असा नियम केला. कंपन्या न्यायालयांत गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानें नियम उचलून धरला. परंतु ११ मे २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. न्यायालयाचा युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. शेंकडा २ ची सूट तुम्हींच दिलेली असतां, त्या मर्यादेंत राहणाऱ्यासहि दंड कसा ? शिवाय ट्रायच्याच एका निबंधाप्रमाणें सरासरी ३६.९ टक्के कॉल ग्राहकाकडील कारणानें तुटत होते. कायद्याच्या दृष्टीनें हें बरोबरच होतें. पण सामान्य माणसाच्या हातीं आलेला एक रुपयाचा पुरावा त्याबरोबर गेला.

याच सुमारास आणखी एक गोष्ट चर्चेंत आली. लहर क्षीण झाली असतां यंत्रानें किती वेळ वाट पाहून कॉल तुटला असें मानावें, याचा एक आंकडा कंपनीस ठरवितां येतो. तो वाढविला तर पलीकडून आवाज येत नसतांहि सुमारें ३० सेकंदांपर्यंत कॉल कागदोपत्रीं जिवंत राहतो. ‘हॅलो, हॅलो’ करून कंटाळलेला माणूस स्वतःच फोन बंद करतो, आणि तो कॉल तुटलेल्यांत मोजला जात नाहीं. कॉल टिकला आणि बोलणें टिकलें, या दोन गोष्टी एक नव्हेत.

१ ऑक्टोबर २०१७ पासून ट्रायनें सरासरी सोडली. निदान ९० टक्के टॉवरांवर, निदान ९० टक्के दिवस, तुटण्याचें प्रमाण २ टक्क्यांच्या आंत असावें, असें माप आलें. उल्लंघनास लाखांचे दंड ठेवले. ही मोठीच सुधारणा होय. तथापि उरलेले दहा टक्के टॉवर कोणाचे ? ते दर महिन्यास त्याच डोंगराळ गांवांचे असूं शकतात. २०२४ च्या नियमांनीं यापुढें पाऊल टाकलें : तिमाहीऐवजीं दरमहा मोजणी, आणि आपली सेवा कोठें पोंचते याचे नकाशे कंपन्यांनीं संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे, असें ठरलें. सर्कलावरून टॉवरापर्यंत माप खालीं यावयास पुष्कळ वर्षें लागलीं.

तर मग गडहिंग्लजच्या माणसानें कंपन्यांची तुलना करावी कशी ? देशाच्या कोष्टकावरून नव्हे, आणि एका शेजाऱ्याच्या अनुभवावरूनहि नव्हे. ज्या जागीं आपण राहतों त्याच जागीं, त्याच वेळीं, तशाच फोनावर, निरनिराळ्या कंपन्यांचे वीस-वीस कॉल करावे आणि किती तुटले हें वहींत मांडावें. बोलण्यास दोन टोकें असतात, हेंहि विसरूं नये. मुंबईच्या चाळींत तुटलेल्या कॉलाचा दोष येथील टॉवरास लावणें न्याय्य नाहीं. आणि कंपन्यांचे नकाशे व आपली वही यांत जेथें विरोध दिसेल, तेथें तक्रार लेखी करावी.

मुलगा लष्करांतून फोन करतो, आई बोलूं लागते, आणि तिचें वाक्य अर्ध्यावर राहतें. सर्कलाच्या हिशेबांत तो एका टक्क्याचा अत्यल्प अंश असतो. त्या घरांत मात्र आठवड्याचें सारें बोलणें त्या वाक्यांत असतें. म्हणून ज्या गांवीं तें तुटलें, त्या गांवाच्या नांवानेंच त्याची नोंद झाली पाहिजे.