कोल्हापूरमधील फुटबॉल प्रेक्षकसंस्कृती

कोल्हापूर शहरातील फुटबॉल प्रेक्षकसंस्कृती ही महाराष्ट्रातील स्थानिक फुटबॉलची एक वैशिष्ट्यपूर्ण परंपरा आहे. शहरातील पेठा व तालीम मंडळे यांच्याभोवती ती वाढली असून छत्रपती शाहू स्टेडियम हे तिचे मुख्य केंद्र आहे. येथील प्रेक्षक पायऱ्यांच्या गॅलरीत दाटीने बसतात आणि खेळ रंगात आला की उभे राहून सामना पाहतात. संघ आपल्या पेठेचा आहे, ही भावना या संस्कृतीच्या मुळाशी आहे. इंग्लंड, जर्मनी आदी देशांत यजमान संघाच्या पाठीराख्यांची उभे राहण्याची जी ठरलेली बाजू असते, तिच्याशी या गॅलरीचे बरेच साम्य आहे. प्रेक्षकांच्या दाटीमुळे सामन्याला रंग चढतो. मात्र त्याच दाटीतून सुरक्षिततेचे प्रश्नही निर्माण होतात.

पार्श्वभूमी

कोल्हापूर हे पूर्वीच्या कोल्हापूर संस्थानाच्या राजधानीचे शहर होय. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि शहरात तालमींचे जाळे निर्माण झाले. तालीम म्हणजे मुळात मल्लविद्येचा आखाडा. कोल्हापुरात मात्र ती त्या त्या भागातील तरुणांची सामाजिक संस्थाही बनली. सण-उत्सव, मिरवणुका, पूरकाळातील मदतकार्य अशा अनेक कामांत तालीम मंडळे पुढे असतात. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी कुस्तीसाठी नावाजल्या गेल्या, तर इतर अनेक मंडळांची ओळख कालांतराने त्यांच्या फुटबॉल संघांमुळे अधिक दृढ झाली.

मोठ्या जनसमुदायाने एकत्र बसून खेळ पाहण्याची सवय या शहराला कुस्तीने लावली. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले असता रोम येथील प्राचीन प्रेक्षागार त्यांच्या पाहण्यात आले. त्याच धर्तीवर त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी आखाडा आणि सभोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची वाटोळी रचना आहे. त्यामुळे कोठेही बसले तरी कुस्ती स्पष्ट दिसते. गावोगावच्या जत्रांत, बीडसह मराठवाड्यातील जिल्ह्यांतही, कुस्तीच्या फडाभोवती प्रेक्षक कडे करून उभे राहतात. खासबागेत त्याच कड्याला कायमस्वरूपी वास्तूचे रूप मिळाले.

तालीम संघ आणि पेठा

कोल्हापुरातील प्रमुख संघांमध्ये पाटाकडील तालीम मंडळ, श्री शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ तरुण मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ इत्यादींचा समावेश होतो. बहुतेक संघांच्या नावातच तालीम, मंडळ अथवा पेठ यांचा उल्लेख आहे. पाटाकडील व बालगोपाल हे मंगळवार पेठेचे, तर शिवाजी तरुण मंडळ व खंडोबा हे शिवाजी पेठेचे संघ म्हणून ओळखले जातात.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रेक्षक आपल्या आवडीचा संघ निवडतो. कोल्हापुरातील जुन्या पेठांत ही निवड बहुधा जन्मानेच झालेली असते. मैदानात खेळणारा मुलगा शेजारच्या गल्लीतला असतो. त्याला लहानपणापासून चेंडू लाथाडताना पाहिलेले लोकच गॅलरीत असतात. त्यामुळे विजय आणि पराभव हे संपूर्ण पेठेचे ठरतात. पेठांमधील या चुरशीला स्थानिक बोलीत ‘ईर्षा’ म्हणतात. या शब्दाला येथे केवळ मत्सराचा अर्थ नाही. प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस ठरण्याची जिद्दही त्यात अभिप्रेत असते.

अलीकडच्या काळात बाहेरगावचे तसेच आफ्रिकी देशांतील खेळाडूही तालीम संघांकडून खेळले आहेत. त्यामुळे खेळाचा दर्जा व खर्च या दोहोंत वाढ झाली आणि पेठेतील मुलांना पुरेशी संधी मिळते का, हा चर्चेचा विषय बनला.

मैदान आणि हंगाम

शहरातील स्पर्धात्मक फुटबॉलचे नियमन कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन ही संस्था करते. ती ‘केएसए’ या लघुनामाने परिचित आहे. लीग सामने तसेच अटल चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक, महापौर चषक, राजेश चषक यांसारख्या स्पर्धा छत्रपती शाहू स्टेडियमवर झाल्या आहेत. हंगाम साधारणतः हिवाळ्यात सुरू होऊन पावसाळ्यापूर्वी संपतो. या काळात स्थानिक वृत्तपत्रांत सामन्यांचे सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध होतात.

शाहू स्टेडियम शहराच्या मध्यवर्ती भागात असल्याने जुन्या पेठांतील प्रेक्षक पायी किंवा दुचाकीवरून तेथे सहज पोहोचू शकतात. मैदानाभोवती पायऱ्यांची गॅलरी आहे. पायरीवर प्रत्येकाची जागा आखलेली नसते. ओळखीची माणसे एकत्र बसतात आणि त्यातूनच एखाद्या संघाच्या पाठीराख्यांची बाजू ठरून जाते. चुरशीच्या सामन्यात दोन्ही संघांच्या समर्थकांना वेगवेगळ्या गॅलरीत बसविण्याची दक्षता घेतली जाते.

सामन्यातील वातावरण

खुर्चीवर बसलेला प्रेक्षक शेजाऱ्यापासून काहीसा अलग असतो. पायरीवर मात्र खांद्याला खांदा लागलेला असतो. एकाने दिलेली घोषणा क्षणात शेकडो कंठांतून उमटते. चेंडू गोलक्षेत्राजवळ पोहोचताच पुढची रांग उठते, तिच्यामुळे मागच्यांना दिसेनासे होते आणि पाहता पाहता संपूर्ण गॅलरी उभी राहते. संघाच्या नावाचा जयघोष, झेंडे, शिट्ट्या, टाळ्या आणि वाद्यांचा गजर यांनी मैदान दुमदुमते. पाठीराख्यांमध्ये शाळकरी मुलांपासून माजी खेळाडूंपर्यंत सर्व वयाचे लोक असतात. जुने जाणकार खेळातील बारकावे तेथल्या तेथे उलगडून सांगतात. या अर्थाने गॅलरी ही नव्या पिढीची शाळाही ठरते.

फुटबॉलच्या विश्वचषकाच्या काळात हाच उत्साह शहरभर दिसतो. ब्राझील, अर्जेंटिना आदी देशांचे झेंडे आणि नामवंत खेळाडूंचे भव्य फलक चौकाचौकांत उभारले जातात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघाकडून खेळला. निखिल कदम या कोल्हापूरच्या खेळाडूने कोलकात्याच्या मोहन बागान संघाचे प्रतिनिधित्व केले.

अन्यत्र आढळणारी तत्सम परंपरा

इंग्लंडमध्ये मैदानाच्या टोकाला असलेल्या उभ्या प्रेक्षकांच्या उताराला अनेक ठिकाणी ‘कॉप’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील स्पिऑन कॉप या टेकडीवर जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धातील लढाई झाली आणि तीत अनेक इंग्रज सैनिक मारले गेले. त्या टेकडीच्या स्मरणार्थ लिव्हरपूल संघाच्या ॲनफिल्ड मैदानावरील १९०६ मध्ये बांधलेल्या उतारास हे नाव मिळाले. खासबाग मैदान आणि ॲनफिल्डचा हा उतार जवळजवळ एकाच काळातील आहेत, हे लक्षणीय आहे. या उतारावरील प्रेक्षक ३० एप्रिल १९९४ रोजी शेवटचे उभे राहिले. त्यानंतर तेथे आसने बसविण्यात आली. जर्मनीतील डॉर्टमुंड येथे मात्र उभ्या प्रेक्षकांची बाजू टिकून आहे. तेथील दक्षिण गॅलरीत सुमारे २५,००० प्रेक्षक मावतात. संघाच्या रंगावरून तिला ‘पिवळी भिंत’ असे संबोधले जाते.

भारतात कोलकात्याचे मैदान या बाबतीत सर्वांत जुने मानले जाते. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा पराभव करून आयएफए शिल्ड जिंकली. त्या दिवशी गर्दीमुळे ज्यांना सामना दिसत नव्हता, त्यांना गोलसंख्या पतंग उडवून कळविण्यात आली होती. महाराष्ट्रात मुंबईचे कूपरेज मैदान हे १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेमुळे प्रसिद्धीस आले. मुंबई सिटी या व्यावसायिक संघाच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या पाठीराख्यांच्या गटाने अंधेरी येथील मैदानावर सामूहिक घोषणांची प्रथा रुजवली. क्रिकेटमध्ये वानखेडे स्टेडियमचा नॉर्थ स्टँड अशाच प्रेक्षकांसाठी ख्यातकीर्त आहे.

गर्दीचे स्वरूप आणि सुरक्षितता

उभ्या गर्दीतील धोका प्रामुख्याने घनतेवर अवलंबून असतो. ब्रिटनमधील क्रीडांगण सुरक्षेच्या ‘ग्रीन गाईड’ या मार्गदर्शिकेनुसार उभ्या प्रेक्षकांसाठी १० चौरस मीटर जागेत कमाल ४७ व्यक्तींची मर्यादा आहे. दर चौरस मीटरला सहा-सातपेक्षा अधिक माणसे झाल्यास व्यक्तीचा स्वतःच्या हालचालीवर ताबा राहत नाही आणि गर्दी पाण्याच्या लोंढ्याप्रमाणे सरकू लागते. अशा वेळी छातीवर दाब येऊन उभ्या अवस्थेतही माणूस गुदमरतो. हा दाब अडविण्यासाठी उतारावर ठरावीक अंतराने मजबूत लोखंडी कठडे बसवितात. सामना संपल्यावर सर्व प्रेक्षक आठ मिनिटांच्या आत बाहेर पडू शकतील, इतके मार्ग असावेत, असेही त्या मार्गदर्शिकेत नमूद आहे.

या नियमांमागे अनेक दुर्घटनांचा इतिहास आहे. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगो येथील आयब्रॉक्स मैदानात बाहेर पडण्याच्या जिन्यावर ६६ जण चिरडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९७३ मध्ये ही मार्गदर्शिका प्रथम तयार झाली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानातील दुर्घटनेने ९७ बळी घेतले. तेथील उभ्या प्रेक्षकांचे भाग कुंपणाने बंदिस्त होते आणि आधीच भरलेल्या मधल्या भागांत आणखी लोकांना प्रवेश मिळाला. प्रारंभी दोष प्रेक्षकांवर ठेवण्यात आला. २०१६ मध्ये मात्र चौकशीतील ज्यूरीने प्रेक्षक निर्दोष असल्याचा निर्णय दिला आणि पोलीस नियोजनातील गंभीर चुका अधोरेखित केल्या. दरम्यान, टेलर अहवालानंतर इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींत उभ्या जागा बंद झाल्या होत्या. जानेवारी २०२२ पासून कठडेयुक्त सुरक्षित उभ्या जागांची चाचणी घेण्यात येऊन त्यांना पुन्हा परवानगी मिळाली.

भारतात १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात गॅलरीतील हाणामारीनंतर झालेल्या चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांचा मृत्यू झाला. दोन्ही संघांचे समर्थक तेथे एकत्र बसलेले होते. हा दिवस तेथे ‘फुटबॉलप्रेमी दिन’ म्हणून रक्तदानाने पाळला जातो. इंडोनेशियातील कंजुरुहान मैदानात १ ऑक्टोबर २०२२ रोजी पोलिसांनी गॅलरीच्या दिशेने अश्रुधूर सोडला आणि बाहेर पडण्याच्या अरुंद दारांशी झालेल्या चेंगराचेंगरीत १३५ जण दगावले. महाराष्ट्रात खेळाच्या मैदानाबाहेरही हा अनुभव आलेला आहे. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी यात्रेत अरुंद चढणीवरील चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक प्राणास मुकले.

हुल्लडबाजी आणि उपाय

कोल्हापुरातील सामन्यांना हुल्लडबाजीचे गालबोट वेळोवेळी लागले आहे. शिवीगाळ, बाटल्या व दगड फेकणे, मैदानात घुसणे, सामन्यानंतर रस्त्यावर होणारी वादावादी असे प्रकार घडले आहेत. त्यामुळे सामने थांबविणे, पोलिसांनी लाठीमार करणे, दोषी खेळाडूंवर वा संघांवर कारवाई होणे असे प्रसंग आले. अर्वाच्य घोषणांमुळे कुटुंबासह येणाऱ्या प्रेक्षकांची कुचंबणा होते. स्पर्धाच बंद पडल्यास सर्वाधिक नुकसान पेठेतील खेळाडूंचे होते, कारण त्यांच्या वर्षभराच्या सरावाचे चीज याच हंगामात होत असते.

हुल्लडबाजी आणि गर्दीची दुर्घटना यांत फरक करणे आवश्यक असते. हुल्लडबाजी हा मूठभर व्यक्तींच्या वर्तनाचा प्रश्न आहे. समर्थकांची स्वतंत्र व्यवस्था, प्रवेशद्वारावरील तपासणी, कॅमेऱ्यांद्वारे ओळख आणि तालीम मंडळांतील ज्येष्ठांचा वचक हे त्यावरील उपाय होत. चेंगराचेंगरीचा संबंध जागेची मर्यादा, तिकिटांची संख्या, दारांची रुंदी आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांच्याशी असतो. शांत व शिस्तबद्ध गर्दीतही ती होऊ शकते. गॅलरीवर बळाचा वापर झाल्यास पहिल्या प्रश्नाचे रूपांतर दुसऱ्यात होण्याचा धोका असतो.

महत्त्व

क्रिकेटचे वर्चस्व असलेल्या महाराष्ट्रात स्थानिक संघांच्या फुटबॉल सामन्यांना नियमितपणे तिकीट काढून गर्दी करणारे शहर म्हणून कोल्हापूरची ओळख आहे. शाहूकालीन तालमींनी घडविलेली पेठांची एकजूट आधुनिक खेळाच्या रूपाने येथे टिकून राहिली. पाठीराख्यांची बाजू, तिच्या घोषणा आणि तिची शिस्त ही तालीम मंडळांच्या सामूहिक जीवनाचाच भाग आहेत. त्यामुळे गॅलरीतील वर्तनावर मंडळांचा जितका प्रभाव पडतो, तितका तो बाहेरच्या बंदोबस्ताने पडणे कठीण असते.

हेही पहा

खासबाग मैदान
राजर्षी शाहू महाराज
कोल्हापूर
कूपरेज मैदान
रोव्हर्स चषक
हिल्सबरो दुर्घटना
मांढरदेवी