शिंपल्याचा पुन्हा दगड होतो

25 नोव्हेंबर 1664. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा आटोपली आहे. शिवाजी महाराजांनी समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला बांधायचं ठरवलं आहे आणि तुम्ही तिकडे निघालेल्या होडीत बसला आहात. लाटेचं पाणी दंडावर उडतं, वाऱ्याने वाळतं आणि त्वचेवर बारीक पांढरे कण उरतात. जीभ लावून बघा, मीठ आहे.

रसायनशास्त्राचा पहिला धडा इथेच गिरवून घ्या. ही होडी ज्याच्यावर तरंगते आहे ते मिश्रण आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, सगळीकडे सारखेच पसरलेले असतात, म्हणून हे मिश्रण समांगी. पण पाणी पाणीच राहिलं आहे आणि क्षार क्षारच. एकाने दुसऱ्याचा स्वभाव बदललेला नाही, म्हणूनच नुसत्या वाऱ्यालाही त्यांना वेगळं करता आलं.

बेटावर उतरा आणि काही महिने पुढे चला. पायाचं काम सुरू आहे. किल्ल्याच्या पायात शिसं ओतल्याचं परंपरा सांगते. त्या शिशाच्या कढईजवळ जरा वाकून पाहा. 327 अंश सेल्सिअसला वितळलेलं शिसं आरशासारखं चकाकतं, पण क्षणभरच. लगेच त्यावर करडी साय धरते. कारागीर पळीने ती बाजूला सारतो, खालून पुन्हा चकाकी, पुन्हा साय. शिसं हे मूलद्रव्य. वितळलं काय, थिजलं काय, ते शिसंच. साय मात्र शिसं आणि हवेतला ऑक्सिजन यांचं संयुग आहे. तुमच्या डोळ्यांदेखत एक नवा पदार्थ जन्माला येतो आहे आणि पळीने तो फक्त बाजूला सारता येतो, त्यातलं शिसं काही पळीने सुटत नाही.

आता भट्टीकडे या. कोकण किनाऱ्यावर चुन्यासाठी शिंपले भाजायची जुनी रीत आहे. भाजून निवलेला एक शिंपला उचला. आकार तोच, कडेच्या रेघाही शाबूत, पण हाताला तो निम्मा झाल्यासारखा हलका लागतो आणि चिमटीत दाबला की भुगा होतो. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शंभर भार कॅल्शियम कार्बोनेट पुरतं भाजलं तर 44 भार कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात आणि 56 भार कळीचा चुना उरतो. मालवणात भाजा नाहीतर लंडनमध्ये, हे प्रमाण ढळत नाही. संयुगाची खूण हीच: घटक ठरलेले, प्रमाणही ठरलेलं.

चुना विरवायला घेतला आहे. गडी कळीवर पाणी ओततो आणि तुम्ही पुढे सरकता तोच मागून आवाज येतो, “ओ पावणे, मागे सरा! चुनो तापलो हा!” खाली जाळ नसताना ढीग फसफसतो, फुगतो, वाफा सोडतो आणि फुटून त्याची पांढरी फक्की होते. मीठ पाण्यात पडल्यावर असं काही झालं नव्हतं. इथे पाणी नुसतं मिसळलं नाही, चुन्याशी जोडलं गेलं. उन्हात कितीही ठेवा, या चुन्यातलं पाणी आता समुद्राच्या पाण्यासारखं उडून जाणार नाही.

मग घाणीत चुना आणि वाळू मळतात. हे झालं पुन्हा मिश्रण. गवंडी कामाकडे बघून वाळू कमी-जास्त करतो, प्रमाण त्याच्या हातात आहे. ओला गारा धुतला तर वाळूचा कण न् कण परत मिळेल. दोन चिऱ्यांमध्ये बसल्यावर मात्र तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत ओढून घेतो. भट्टीत जे गेलं होतं ते परत येतं आणि चुन्याचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं. वाळू त्यात धरली जाते. शिंपला दगड होऊन तटात बसतो. जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत हे काम पोहोचायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

हे ज्ञान कारागिरांच्या हातात होतं. त्याला शब्द अजून मिळायचे होते. काहीच वर्षांपूर्वी, 1661 साली, रॉबर्ट बॉइल यांचं ‘द स्केप्टिकल किमिस्ट’ लंडनमध्ये छापून आलं आहे आणि मूलद्रव्य कशाला म्हणावं यावर विद्वानांचे वाद चालू आहेत. लव्हाझिए यांनी 1789 साली मूलद्रव्यांची यादी केली तेव्हाही त्यांनी चुना मूलद्रव्यांतच धरला. 1808 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या जोरावर त्यातून कॅल्शियम धातू वेगळा केला, तेव्हा कुठे चुना संयुग ठरला.

तेवढी वर्षं ओलांडून आणखी पुढे या: मे 1930, शिरोड्याची मिठागरं. मीठकराविरुद्ध सत्याग्रह पेटला आहे. सत्याग्रहींच्या मुठीत जे मीठ आहे ते कसं तयार झालं हे वाफ्यांत उतरून पाहा. ऊन पाणी आटवतं तसे क्षार एकेक करून खाली बसतात. आधी थोडं कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, मग आपलं मीठ. शेवटी उरतं ते मॅग्नेशियमच्या क्षारांचं कडू पाणी. मिश्रण सोडवायला सूर्य पुरेसा झाला. पण त्या मिठाच्या एका कणातले सोडियम आणि क्लोरीन सूर्याला सोडवता येत नाहीत. सुटे असताना सोडियम पाण्यात पडताच भडकतो आणि क्लोरीन हा विषारी वायू 1915 साली युद्धात माणसं मारायला वापरला गेला. त्या दोघांचं संयुग आपण रोज पानात वाढून घेतो.

आता आजच्या सिंधुदुर्गावर या. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जपलेला ठसा इथे चुन्यातच आहे. चुना ओला होता तेव्हा तो उमटू शकला आणि त्याचा दगड झाला म्हणून टिकला. तटाची डागडुजी करताना सिमेंट फासण्याचा मोह धोक्याचा आहे. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. खारं पाणी चिऱ्यांच्या आत अडकतं, तिथे मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे पापुद्रे काढतात. चुन्याच्या भिंतीला चुनाच हवा.

शिक्षकांना एक विनंती. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण या व्याख्या फळ्यावर लिहून द्यायच्या आधी मुलांना एकदा मालवणला आणि शिरोड्याला न्या. चिवल्याच्या किनाऱ्यावरचा एक रिकामा शिंपला उचलू द्या, त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून निघणारे बुडबुडे बघू द्या. तटाला मात्र हात लावू नका. परत आल्यावर परीक्षेत प्रश्न एकच विचारा: कोण नुसतं मिसळलं होतं आणि कोण बदललं होतं? ज्याला याचं उत्तर देता आलं, त्याला रसायनशास्त्राचा पाया कळला.